आधी कान, मग हात: केप रेसच्या वायरलेस ऑपरेटरसारखी रात्रपाळी घरी कशी करायची

वायरलेस ऑपरेटर म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यासमोर टकटक करणारा हात येतो. पण जुन्या काळी समुद्राकाठच्या आडबाजूच्या स्टेशनवर जो माणूस बसायचा त्याचं खरं काम हाताचं नव्हतंच, कानाचं होतं. पाळीतला बराचसा वेळ तो हेडफोन लावून, पेन्सिल हातात धरून नुसता ऐकत बसलेला असायचा, आणि शंभरातल्या नव्याण्णव वेळा जे ऐकू यायचं ते त्याच्या कामाचं नसायचं तरी ऐकायचंच. मला हे सगळं फार जवळचं वाटतं, आणि मोर्स, म्हणजे तारेची ती टिंब-रेघांची भाषा, शिकायचंय म्हणून जे कोणी विचारतात त्यांना मी आता पहिल्यांदा हेच सांगतो, की (म्हणजे मोर्स ठोकायचा खटका) विकत घेऊ नका, आधी कान तयार करा. तो कसा करायचा, घरी साधा रिसीव्हर कसा बांधायचा, लॉग, म्हणजे ऐकलेल्याची नोंदवही, कसा लिहायचा आणि एका रात्री त्या लोकांसारखी वॉच, म्हणजे ऐकत बसायची पाळी, कशी ठेवायची ते इथे लिहितोय, जसं मी स्वतः करत आलो तसंच.

उदाहरण म्हणून केप रेस घेतलंय. कॅनडाच्या पूर्वेला न्यूफाउंडलंड बेट आहे, त्याच्या आग्नेय टोकाचा हा खडक, झाड नाही काही नाही, धुकं मात्र भरपूर, आणि एक दीपगृह. युरोपातून न्यूयॉर्कला जाणाऱ्या जहाजांना अमेरिकेची पहिली चाहूल इथेच लागायची. वायरलेस यायच्या कितीतरी आधी जहाजं इथून जाताना युरोपच्या बातम्या डब्यात सीलबंद करून समुद्रात टाकायची, होडीवाले ते डबे उचलून आणायचे आणि मग तारेने बातमी न्यूयॉर्कला. १९०४ मध्ये मार्कोनी कंपनीने तिथे वायरलेस स्टेशन उभं केलं. १९१२ मध्ये त्याचं कॉलसाइन, म्हणजे हवेतलं नाव, होतं एमसीई, प्रमुख ऑपरेटर वॉल्टर ग्रे, सोबत रॉबर्ट हन्स्टन आणि जॅक गुडविन. १४ एप्रिल १९१२ च्या रात्री टायटॅनिकवरून प्रवाशांच्या खासगी निरोपांचा ढीग इथेच येत होता, कारण त्याआधी जहाजावरचा ट्रान्समीटर बंद पडला होता, जहाजाचे ऑपरेटर जॅक फिलिप्स आणि हॅरॉल्ड ब्राइड यांनी तास न् तास खपून तो दुरुस्त केला आणि मधल्या वेळात निरोप तुंबले.

आपल्याकडेही हे काही फार उशिरा आलं नाही. १९०२ मध्येच हुगळीच्या तोंडाशी सागर बेट आणि सँडहेड्स यांच्यात वायरलेस तार सुरू झाली होती. आणि मुंबईचं कोस्ट स्टेशन, बॉम्बे रेडिओ, कॉलसाइन व्हीडब्ल्यूबी, हे तर मर्चंट नेव्हीत काम केलेल्या आपल्याकडच्या कितीतरी रेडिओ ऑफिसरांना तोंडपाठ. आमच्या ओळखीचे एक काका जहाजावर रेडिओ ऑफिसर होते, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली तरी गप्पांच्या मध्येच बोटाने टेबलावर व्हीडब्ल्यूबी वाजवतात, डि-डि-डि-डा, डि-डा-डा, डा-डि-डि-डिट, आणि त्यांच्या ते लक्षातही येत नाही.

मोर्स डोळ्याने शिकू नका

माझी चूक आधी सांगतो. कॉलेजात असताना मी एक तक्ता भिंतीवर चिकटवला होता, ए म्हणजे टिंब-रेघ, बी म्हणजे रेघ-टिंब-टिंब-टिंब, आणि पंधरा दिवसांत तो पाठही केला. मग रेडिओवर खरा मोर्स लावला तर एक अक्षर कळेना. का, तर कानात आवाज यायचा, मी त्याची मनात टिंबं-रेघा करायचो, मग त्या तक्त्यात शोधायचो, तोवर पुढची चार अक्षरं निघून गेलेली. ती सवय मोडायला मला वर्ष लागलं. म्हणून तक्ता काढून टाका, मोबाइलमधलं ते टिंबं-रेघांचं चित्र पण डिलीट करा.

तबला कसा शिकवतात आठवा. गुरुजी पहिल्यांदा हात लावू देत नाहीत, बोल तोंडाने म्हणून घेतात, धा धिं धिं धा, आणि तो बोल अंगात भिनला की मग हात. मोर्सही बोलच आहे. के हे अक्षर म्हणजे "डा-डि-डा", एम म्हणजे "डा-डा", आर म्हणजे "डि-डा-डिट". तोंडाने म्हणा, चालताना म्हणा, रस्त्यावरच्या गाड्यांच्या नंबरप्लेट वाचून म्हणा. डि म्हणजे एक मात्रा धरली तर डा तीन मात्रांचा, एकाच अक्षरातल्या दोन आवाजांमध्ये एका मात्रेची शांतता, दोन अक्षरांत तीन मात्रा, दोन शब्दांत सात. तबलजीला जसं खालीचं महत्त्व तसं इथे या शांततेचं, कारण आवाज बरोबर आणि गॅप चुकली तर अक्षरच बदलतं.

आता वेग. सगळे म्हणतात हळू सुरुवात करा, आणि तिथेच घोटाळा होतो. मिनिटाला पाच शब्दांच्या वेगाने ऐकलंत तर एकेक टिंब मोजता येतं, आणि मोजायची सवय लागली की दहा शब्दांच्या आसपास माणूस अडकतो तो अडकतोच. १९३० च्या दशकात लुडविग कोख नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने यावर जी पद्धत काढली ती मला सगळ्यात पटते. अक्षर पहिल्या दिवसापासून पूर्ण वेगात ऐकायचं, मिनिटाला २० शब्द, म्हणजे एक डि फक्त ६० मिलिसेकंद आणि डा १८०, मोजायला वेळच मिळत नाही, अख्खं अक्षर एका ठेक्यासारखंच कानावर पडतं. पण अक्षरं सुरुवातीला दोनच, के आणि एम. ती उलटसुलट पाच-पाचच्या गटात ऐकून लिहायची, शंभरात नव्वद बरोबर आली की तिसरं अक्षर, यू, मग आर, मग ई, मग एस असं. लर्न सीडब्ल्यू ऑनलाइन नावाची फुकट साइट आहे तिथे नेमके याच क्रमाने धडे लावलेत, मोबाइलवरही चालते. दोन अक्षरांमधली गॅप मात्र सुरुवातीला वाढवून घ्या, अक्षर वेगात आणि त्याच्यापुढे श्वास घ्यायला जागा, ती हळूहळू कमी करायची.

रोज वीस मिनिटं सकाळी, वीस संध्याकाळी, बस्स. रविवारी तीन तास बसून काही होत नाही, कान थकतो आणि चुकीचंच घट्ट होतं. बरीच अक्षरं झाली की एक आठवडा असा येतो की काहीच पुढे सरकत नाही, एस आणि एच आणि ५ हे तीन सारखेच वाटायला लागतात कारण तिन्हीत नुसती डि-डि-डि, फक्त लांबी वेगळी. तेव्हा नवीन अक्षर घेऊ नका आणि सोडूनही देऊ नका, त्या तिघांचेच गट लावून ऐका, चार-पाच दिवसांत एकदम उलगडतं.

अक्षर चुकलं तर तिथे एक छोटी रेघ मारून पुढे जायचं, मागे वळून बघायचंच नाही. हे सांगायला सोपं आहे पण अंगवळणी पडायला सगळ्यात अवघड. आणि लिहिताना कॅपिटल इंग्रजी अक्षरं नकोत, दर वेळी पेन्सिल उचलावी लागते, छोटी जोडून लिहा. पुढे पुढे असं होतं की हात कानाच्या मागे राहतो, म्हणजे कानात तिसरं अक्षर आणि हात पहिलं लिहितोय. घाबरू नका, ते चांगलं लक्षण आहे, जुने ऑपरेटर अख्खा शब्द मागे राहून लिहायचे आणि तेही न अडखळता.

आकड्यांचा मात्र जास्त सराव करा. कारण सांगतो. त्या रात्री टायटॅनिकने पहिली जी पोझिशन दिली ती ४१ अंश ४४ मिनिटं उत्तर, ५० अंश २४ मिनिटं पश्चिम. थोड्याच वेळात सुधारून दुसरी दिली, ४१ अंश ४६, ५० अंश १४. जहाजावरच्या अधिकाऱ्याने गणित पुन्हा केलं म्हणून ती बदलली, ऐकण्यातली चूक नव्हती. पण कागदावर बघा, रेखांशात चोवीसचे चौदा झाले म्हणजे एकच आकडा बदलला, २ चा १ झाला. मोर्समध्ये २ म्हणजे डि-डि-डा-डा-डा आणि १ म्हणजे डि-डा-डा-डा-डा. ऐकताना फरक फक्त दुसऱ्या आवाजाचा, आणि समुद्रावर तो फरक सात-साडेसात नॉटिकल मैलांचा. थंडीत, खरखरीत, रात्री, हे कान लावून बरोबर उतरवायचं. मी आकड्यांचा सराव करताना हीच पोझिशन पुन्हा पुन्हा लावतो.

रिसीव्हर, तोही बिनबॅटरीचा

आता हाताने करायचं काम. त्या काळी मार्कोनीच्या जहाजांवर आणि स्टेशनांवर मॅग्नेटिक डिटेक्टर, म्हणजे सिग्नल पकडणारा भाग, असायचा, ऑपरेटर लाडाने त्याला मॅगी म्हणायचे, लोखंडी तारांचा एक पट्टा घड्याळासारख्या चावीच्या यंत्राने दोन चाकांवरून फिरत राहायचा आणि चावी संपत आली की परत द्यायची. ते घरी करणं कठीण. पण त्याच काळातला क्रिस्टल डिटेक्टर आपण करू शकतो. तेव्हा गॅलेना, म्हणजे शिशाच्या खनिजाचा खडा घ्यायचे आणि त्यावर बारीक तारेचं टोक टेकवून, कुठे टेकवलं तर आवाज येतो ते शोधत बसायचे, जहाज हललं की परत शोधायचं. आपण जर्मेनियमचा डायोड वापरू, वन-एन-३४-ए किंवा ओए-७९, मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत विचारा. साधा सिलिकॉन डायोड चालणार नाही, त्याला चालू व्हायलाच अर्धा-पाऊण व्होल्ट लागतो आणि एरियलमधून येणारा सिग्नल त्यापेक्षा फार बारीक असतो.

बाहेरून ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप घ्या, वीतभर तुकडा. त्यावर २४ नंबरची इनॅमल वायर एकाला एक चिकटून ५० ते ५५ वेढे. खालच्या टोकापासून बाराव्या-पंधराव्या वेढ्यावर एक छोटा पीळ बाहेर काढून ठेवा, तो एरियल जोडायला. कॉइलची दोन टोकं जुन्या रेडिओतल्या, स्टेशन बदलायच्या गँग कंडेन्सरला, साधारण ३६५ पिकोफॅरडचा. कॉइलचं खालचं टोक अर्थला. वरच्या टोकापासून डायोड, डायोडच्या पुढे हेडफोन, हेडफोनचं दुसरं टोक अर्थला. हेडफोन मोबाइलचा नाही चालणार, जुना २००० ओहमचा किंवा क्रिस्टल इअरफोन हवा, आणि क्रिस्टल इअरफोन असेल तर त्याच्या दोन टोकांवर ४७ किलोओहमचा रेझिस्टर लावा नाहीतर आवाज थोडा वेळ येऊन दबतो. इनॅमल वायरचं टोक जोडायच्या आधी पॉलिशपेपरने घासून तांबं चमकेपर्यंत खरवडा. दहातले आठ सेट याच एका कारणाने मुके राहतात, वायर वरून तांब्याचीच दिसते म्हणून लक्षात येत नाही.

एरियल म्हणजे २० ते ३० मीटर वायर, जितकी उंच तितकी बरी. आमच्याकडे घराच्या आढ्यापासून समोरच्या माडापर्यंत ओढलीय, माडाकडच्या टोकाला नायलॉनची दोरी आणि मध्ये प्लास्टिकचा तुकडा, म्हणजे झाड हललं तरी तुटत नाही. वाऱ्यात दोरी ताणते म्हणून थोडा झोळ ठेवायचा. खाऱ्या वाऱ्याने जोडावरचं तांबं चार महिन्यांत हिरवं पडतं आणि आवाज हळूहळू इतका बेताने कमी होतो की कळतच नाही, म्हणून दर दिवाळीला आणि पावसाळ्याआधी जोड खरवडून नवा करतो. अर्थसाठी पूर्वी नळाचा लोखंडी पाइप चालायचा, आता सगळे पाइप प्लास्टिकचे, तर मोरीच्या पाण्याने जी जमीन कायम ओली राहते तिथे तांब्याचा रॉड तीन-चार फूट ठोका. विजेच्या बोर्डाच्या अर्थिंगला हात लावू नका.

आणि वीज. वळवाचे ढग दिसले की एरियल सेटपासून काढून थेट अर्थला जोडायची आणि उठून जायचं. हे काम गडगडाट ऐकू आल्यावर नाही, आधी. क्रिस्टल सेटवर तर तुम्हाला हेडफोनमध्येच ढगांच्या आधी कडकड ऐकू येते, लांब कुठेतरी वीज चमकली की इथे "खर्रर्र", हीच ती खरखर जिच्यातून त्या लोकांनी शब्द वेचले. ऑपरेटरांच्या भाषेत ती क्यूआरएन, आणि दुसऱ्या स्टेशनचा अडथळा म्हणजे क्यूआरएम.

या सेटवर काय ऐकू येईल? जवळपास आकाशवाणीचं मीडियम वेव्ह केंद्र असेल तर ते नक्की. आजचा मोर्स मात्र नाही, आणि हे समजून घेण्यासारखं आहे. त्या काळचा ट्रान्समीटर ठिणगीचा, सेकंदाला शेकडो ठिणग्या पडायच्या आणि त्या ठिणग्यांचाच सूर हेडफोनमध्ये यायचा, टायटॅनिकच्या फिरत्या चाकाच्या ठिणगीचा सूर तर चांगला स्वच्छ, खरखरीतूनही वेगळा उठून येणारा. आज हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, जो मोर्स पाठवतात ती सलग लहर (सीडब्ल्यू) असते, तिला स्वतःचा सूरच नाही, तो रिसीव्हरमध्ये तयार करावा लागतो. त्यासाठी एसएसबी किंवा सीडब्ल्यू मोड असलेला रिसीव्हर हवा. नसेल तर काही बिघडत नाही, नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर, म्हणजे घरबसल्या ऐकता येणारा रिसीव्हर, इंटरनेटवर आहे, तो उघडून ७००० ते ७०४० किलोहर्ट्झच्या मध्ये फिरा, मोड सीडब्ल्यू ठेवा, दिवसरात्र कोणी ना कोणी असतंच. पण क्रिस्टल सेट तरीही बांधा. बॅटरी नाही, सेल नाही, आणि कानात आवाज, म्हणजे जी काही ताकद आहे ती फक्त त्या वायरने हवेतून उचललेली. हा अनुभव वेबसाइटवर मिळत नाही.

रात्र का

संध्याकाळी सातनंतर बसा. दिवसा आकाशातला खालचा डी थर मीडियम वेव्हच्या लहरी शोषून घेतो, सूर्य गेला की तो थर विरतो आणि लहरी वरच्या थरावरून परतून लांब जायला लागतात. म्हणून टायटॅनिकच्या ट्रान्समीटरची दिवसाची पोच ४०० मैलांच्या आसपास धरायचे आणि रात्री कधी कधी २००० मैलांपर्यंत. कोकणात आम्हाला अंधार पडला की साध्या रेडिओवर आखाती देशांतली स्टेशनं चढताना ऐकू येतात, आणि ज्यांच्या घरी रेडिओ सिलोन लागायचा त्यांना ते आवाजाचं वर-खाली जाणं आठवत असेल, तेच.

कान तपासायला एक फार सुंदर जागा आहे, १४१०० किलोहर्ट्झ. जगभरातले १८ बीकन, म्हणजे ठरलेला सिग्नल पाठवत राहणारे ट्रान्समीटर, तिथे पाळीपाळीने बोलतात, प्रत्येकाला दहा सेकंद, तीन मिनिटांत चक्र पूर्ण. श्रीलंकेचा फोर-एस-सेव्हन-बी आपल्याला सगळ्यात जवळचा. प्रत्येक बीकन आधी कॉलसाइन देतो आणि मग चार लांब सूर, पहिला १०० वॉटचा, दुसरा १०, तिसरा १, चौथा वॉटचा दहावा हिस्सा. पहिल्या दिवशी मला एकच सूर ऐकू आला. डोळे मिटून, पंखा बंद करून, आठवडाभर रोज तीच जागा ऐकली तेव्हा तिसरा ऐकू यायला लागला. रेडिओ तोच होता. हा बीकन दिवसा किंवा संध्याकाळी जास्त बरा लागतो, उशिरा रात्री ही फ्रिक्वेन्सी बऱ्याचदा झोपते.

लॉग

फुलस्केप वही घ्या, चार रकाने: वेळ, कोणाकडून, कोणाला, काय. वेळ एकच ठरवा आणि तिला चिकटून राहा. केप रेसच्या नोंदीत टायटॅनिकचा पहिला सीक्यूडी, म्हणजे संकटाची हाक, न्यूयॉर्कच्या वेळेने रात्री १०:२५ ला आहे, पण जहाजावरच्या घड्याळात मध्यरात्र उलटून गेली होती, आणि पुढे चौकशीत या घड्याळांचा मेळ घालताना लोकांच्या नाकीनऊ आले. तुम्ही यूटीसी, म्हणजे जगाची सामाईक वेळ, लिहा, आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा. पेन्सिलच, पण खोडरबर नको. चुकलं तर आडवी रेघ मारून शेजारी लिहायचं, खालचं वाचता आलं पाहिजे. आणि जे ऐकलं तेच, अंदाज नाही. अर्धं कॉलसाइन ऐकलं तर अर्धंच लिहा.

निरोप उतरवायची तेव्हाची रीत अजूनही शिकण्यासारखी आहे. निरोपाच्या आधी नंबर, कुठल्या स्टेशनचा, किती शब्द, किती वाजता, मग पत्ता, मजकूर, सही. ते "किती शब्द" महत्त्वाचं. समोरच्याने सांगितलं १२, तुम्ही मोजले ११, म्हणजे एक कुठेतरी गळला. तेव्हा सगळा निरोप परत मागायचा नाही, प्रश्नचिन्ह पाठवून डब्ल्यूए आणि जो शब्द नक्की आलाय तो, म्हणजे "या शब्दाच्या पुढचा सांग". मागचा हवा असेल तर डब्ल्यूबी, आणि त्यापुढचं सगळंच हवं असेल तर एए. दोघांनी मिळून सराव करा, एकाने मुद्दाम एक शब्द गाळून पाठवायचा आणि दुसऱ्याने तो मोजून पकडायचा. मी माझ्या भाच्यासोबत करतो, मराठी वाक्यं इंग्रजी अक्षरांत पाठवतो, "आज्जीने आंबोळ्या केल्यात लवकर ये" असली, आणि तो शब्द मोजून बरोबर विचारतो की "आंबोळ्या"च्या पुढे काय.

कीचं फार लिहीत नाही, कारण कान तयार झाला की हात आपोआप येतो. एवढंच, मनगट सैल ठेवा, कोपर टेबलावर टेकलेला, जोर बोटांचा नाही हाताचा, आणि जितक्या वेगात ऐकून लिहिता येतं त्याहून जास्त वेगात पाठवू नका, समोरचा त्याच वेगात उत्तर देईल. घरात बझर लावून सराव करायला काही परवानगी लागत नाही, हवेत पाठवायचं असेल तर मात्र हॅमचं सरकारी लायसन्स आणि त्याची परीक्षा. ऐका, आणि मग पाठवा, हा क्रम कधीच उलटा नको. त्या रात्री जवळच्याच कॅलिफोर्नियन जहाजाचा वीस वर्षांचा ऑपरेटर सिरिल इव्हान्स, आम्ही बर्फात थांबलोय हे सांगायला टायटॅनिकच्या केप रेसशी चाललेल्या कामात मध्येच बोलला, जवळचं जहाज म्हणून त्याची ठिणगी फिलिप्सच्या कानात कडाडली आणि फिलिप्सने त्याला गप्प बस म्हटलं, केप रेसशी काम चालू आहे. लोक यात फिलिप्सला उद्धट ठरवतात. ज्याने हेडफोनमध्ये बारीक सिग्नल धरून ठेवलेला असताना शेजारचा ट्रान्समीटर ऐकलाय तो असं म्हणणार नाही. इव्हान्सचाही मला राग येत नाही, जहाजावर तो एकटाच ऑपरेटर, दिवसभर काम करून साडेअकराच्या सुमाराला झोपायला गेला, आणि ११:४० ला टायटॅनिक हिमनगावर आदळलं.

आणि दुसरीकडे कार्पेथिया जहाज. तिथेही ऑपरेटर एकटाच, एकवीस वर्षांचा हॅरॉल्ड कॉटम, तोही झोपायच्या तयारीत, कोट काढलेला, हेडफोन मात्र कानावरच. केप कॉडचं कोस्ट स्टेशन, एमसीसी, टायटॅनिकसाठी निरोप सोडत होतं ते त्याने सहज ऐकलं होतं. ते निरोप त्याचे नव्हते. तरी त्याने टायटॅनिकला हाक मारून सांगितलं की तुमच्यासाठी केप कॉडचे निरोप पडलेत, आणि उत्तरात आलं, ताबडतोब या, आम्ही हिमनगावर आदळलोय. त्याच एका हाकेमुळे सातशेच्या वर माणसं वाचली. मी जेव्हा म्हणतो की आपलं नसलेलंही ऐका, तेव्हा माझ्या डोळ्यासमोर तो कोट काढलेला मुलगा असतो.

घड्याळ आणि तीन मिनिटं

आता शेवटची तयारी. पुढे जगभरच्या सागरी रेडिओत ५०० किलोहर्ट्झवर शांततेचा नियम आला. दर तासाला १५ ते १८ आणि ४५ ते ४८ या मिनिटांत कोणीही पाठवायचं नाही, सगळ्यांनी फक्त ऐकायचं, म्हणजे कोणाचा क्षीण एसओएस असेल तर गर्दीत बुडणार नाही. रेडिओ रूमच्या घड्याळावर त्या तीन-तीन मिनिटांचे लाल पट्टे रंगवलेले असायचे. १९९९ च्या फेब्रुवारीत उपग्रहही वापरणारी नवी सागरी यंत्रणा पूर्ण लागू झाली आणि ती फ्रिक्वेन्सी ओस पडली.

भिंतीवरचं साधं घड्याळ उतरवा, काच काढा, लाल घोटीव कागदाच्या दोन पाचरी कापून एक ३ च्या पुढे आणि एक ९ च्या पुढे चिकटवा, तीन मिनिटांएवढ्याच. टेबलावर वही, दोन टोक केलेल्या पेन्सिली, पाण्याचा तांब्या, मोबाइल दुसऱ्या खोलीत. चार तास बसा, आठ ते बारा. क्रिस्टल सेट किंवा रिसीव्हर, जे असेल ते. डोकं जड होईल, अकराच्या सुमाराला डुलकी येईल, तेव्हा उभं राहून ऐका, हेडफोनची वायर पुरेशी लांब ठेवा त्यासाठी.

काटा लाल पाचरीत शिरला की डायल हलवायचा नाही, वही उलटायची नाही, घरातलं कोणी बोलवलं तर हाताने थांब म्हणायचं. तीन मिनिटं कान लावून बसायचं. काटा बाहेर आला की वेळ लिहायची आणि पुढे, काही ऐकू आलं तर ते, आणि नाही आलं तर "काही ऐकू आलं नाही" असं पूर्ण वाक्य. तो रकाना रिकामा सोडायचा नाही.